विहिरीवाचून सांजांव

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात गोव्यातल्या शाळांच्या पालक-ग्रुपवर एक सूचना येऊन पडते. २४ तारखेला शाळेत सांजांव, म्हणजे संत योहानाचा, भर पावसात विहिरीत उड्या मारायचा सण. मुलांना रंगीत कपडे घालावेत, पिशवीत बदलायला एक जोड आणि टॉवेल द्यावा, बुटांऐवजी चपला, आणि डोक्यावर कोपेल, म्हणजे पानाफुलांचा मुकुट. कपड्यांबद्दल, टॉवेलबद्दल कुणाचं काही म्हणणं नसतं. गाडी अडते ती कोपेलाशी. ‘तयार कुठे मिळेल?’ हा पहिला प्रश्न, आणि पाच मिनिटांत फोटोसकट उत्तर हजर: प्लास्टिकची लाल-पिवळी फुलं, कापडी पानं, आतून इलॅस्टिक, म्हणजे कुठल्याही डोक्याला बसेल. खाली एक ओळ असते, ‘पुढच्या वर्षीही चालेल.’ बाकी सगळं समजून घेता येतं, ही ओळ मात्र डोक्यातून जात नाही. विचारणाऱ्या आईची चूक नाही. ती आठला घर सोडते, फ्लॅटच्या गॅलरीत तुळस आणि कोरफड एवढीच बाग, आणि आदल्या दिवशी संध्याकाळी वेली शोधत कुठे हिंडणार? पण पुढच्या वर्षी चालणारं कोपेल म्हणजे नेमकं काय राहिलं, हा प्रश्न उरतोच.

कारण कोपेल ही मुळात शिळी करून ठेवायची वस्तूच नाही. मे महिन्यात गोव्यातली कातळाची पठारं, म्हणजे सडे, भाजून काळे पडलेले असतात, कुंपणांवर नुसत्या काटक्या असतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागतो आणि तिथून सांजांवपर्यंत जेमतेम अडीच-तीन आठवडे मिळतात. तेवढ्यात जे उगवलं, जे फुटलं, जे चढलं, ते डोक्यावर घालायचं. म्हणून दर वर्षीचं कोपेल वेगळं. २०२३ साली मोसमी पाऊस केरळातच ८ जूनला पोचला, त्यामुळे पुढे गोव्यातही सगळं मागे पडलं. अशा वर्षी कोपेलात जुन्या झाडांची निबर पानं जास्त आणि कोवळं हिरवं कमी. २०२५ साली तोच पाऊस २४ मेला केरळात आला. तेव्हा सांजांवपर्यंत कुंपणं महिनाभर भिजलेली होती आणि नेचे हात हात वाढले होते. पावसाने यंदा काय दिलं, ते वर्गातल्या तीस डोक्यांकडे पाहून कळावं, अशी ही सोय आहे. प्लास्टिकच्या कोपेलाला त्यातलं काहीच सांगता येत नाही.

खरं तर सण भर उन्हाळ्याचा. युरोपात २४ जून हा बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जन्मदिवस, नाताळच्या साधारण सहा महिने आधी, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाला लागून. तिकडे आदल्या रात्री शेकोट्या पेटतात, त्यांवरून उड्या मारतात. पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात २३ जूनच्या रात्री अख्खं गाव रस्त्यावर असतं. तो सण पोर्तुगीजांबरोबर इथे आला आणि आल्या आल्या त्याची पंचाईत झाली असणार. गोव्याच्या अक्षांशावर जूनचा मोठ्यातला मोठा दिवसही तेरा तासांच्या आसपास, हिवाळ्यातल्या दिवसापेक्षा दोनेक तासांनीच मोठा; त्याचं अप्रूप कुणाला? सूर्य तर डोक्यावरून केव्हाच पुढे गेलेला. मेच्या सुरुवातीला तो इथे बरोबर माथ्यावर येतो, मग उत्तरेला सरकतो आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात परत येतो. म्हणजे सांजांवच्या दुपारी शाळेच्या झेंड्याच्या खांबाची सावली चक्क दक्षिणेला पडायला हवी. पडत असेलही, ढगांतून दिसली तर! चौथीच्या भूगोलाला एवढा सोपा प्रयोग मिळतो आणि तो नेमका अशा दिवशी की ऊनच नाही.

मग शेकोटीच्या जागी पाणी आलं. काही गावांत आदल्या संध्याकाळी गवताचा पुतळा जाळतात, म्हणजे आग अगदीच विझली असं नाही. पण उडी मात्र विहिरीत गेली. तिला आधार लूकच्या शुभवर्तमानातल्या प्रसंगाचा: गरोदर मरिया आपल्या नात्यातल्या एलिझाबेथला भेटायला जाते, आणि तिचा आवाज ऐकून एलिझाबेथच्या पोटातलं बाळ आनंदाने उडी मारतं. ते बाळ म्हणजे योहान. विहीर म्हणजे आईचं पोट, असं गावातली जाणती माणसं सांगतात. कुणी तिला यार्देन (जॉर्डन) नदी म्हणतं, जिथे योहान बाप्तिस्मा देई. तेव्हा ‘विव्हा सांजांव’ म्हणत उडी मारणं म्हणजे नुसता धांगडधिंगा नव्हे, हे शाळेत मुलांना सांगायला दोन मिनिटं लागतात आणि मुलांना ते चटकन पटतं. पोटातल्या बाळाच्या लाथा त्यांनी घरी हात लावून पाहिलेल्या असतात.

आता कोपेल. मुलांकडून करून घ्यायचं तर ते वर्गातच करावं. घरी सांगितलं की ते आजी करते नाहीतर दुकान करतं. तीस मुलांच्या वर्गाला लागतं किती, याचा हिशेब आधी मांडलेला बरा. एका कोपेलाच्या कड्याला सुमारे दोन मीटर वेल, म्हणजे वर्गाला साठ मीटर. पानांची एक मोठी गोणी. फुलं माणशी पाच-सहा धरली तरी दीडशेच्या वर, आणि एवढी जास्वंद कुठल्याही एका परसात नसते. म्हणून प्रत्येकाने सगळं आणायचं असं न सांगता वाटून द्यावं: ज्यांच्या घरी कुंपण आहे त्यांनी वेल, बाकीच्यांनी एक-एक जिन्नस, फ्लॅटमधल्यांनी सुतळी, कात्री आणि जुनी वर्तमानपत्रं. शाळेच्या आवारात क्रोटन असतातच. त्यांची रंगीत पानं टिकायला दणकट, आणि फुलं कमी पडली तर कोपेल तीच सावरतात.

कड्यासाठी गुळवेल उत्तम: जाड, लवचिक, न मोडता वळते. नाहीतर रानटी कृष्णकमळाचा वेल, कुंपणावर पसरलेला असतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर पन्नास-एक्कावन्न सेंटिमीटर असतो. कडं त्याहून दोन बोटं सैल धरायचं, कारण पानं बांधली की ते आतून भरतं. इथेच बहुतेकांचं चुकतं. अगदी मापात केलेलं कडं शेवटी डोक्यावर नुसतं ठेवल्यासारखं राहतं आणि पहिल्या उडीला खाली. फार सैल केलं तर नाकावर येऊन बसतं. वेलीचा पहिला फेरा गाठ न मारता धरायचा, दुसरा त्याच्याभोवती पिळत न्यायचा, तिसरा त्या पिळांच्या खाचांतून. तीन फेऱ्यांत कडं आपलं आपण घट्ट बसतं, तार लागत नाही. तार वापरूच नये. टोक कितीही आत दुमडलं तरी ओल्या केसांतून ते कानामागे येतंच.

बांधायला केळीचं सोपट, म्हणजे बुंध्यावरची साल. वाळलेलं बाहेरचं सोपट दहा मिनिटं पाण्यात टाकलं की मऊ पडतं आणि बोटाने हव्या तेवढ्या बारीक पट्ट्या सुटतात. दोऱ्याने रसरशीत देठ कापले जातात, सोपटाने नाही. फक्त ते ओलं असेपर्यंतच काम उरकायचं. सुकलं की कडकड तुटतं. पानं तीन-चारच्या जुडीने, सगळ्यांची टोकं एकाच दिशेला, आणि प्रत्येक जुडीने मागच्या जुडीचे देठ झाकायचे. एका कोपेलाला अशा बारा ते पंधरा जुड्या लागतात. लहान मुलं जुड्या उलटसुलट लावतात, मग देठ बाहेर येऊन कपाळाला टोचतात. टीचरने एका मुलाचं कोपेल सगळ्यांसमोर बांधून दाखवलं तर निम्मे घोटाळे टळतात. फुलं अगदी शेवटी आणि त्याच दिवशी. जास्वंद एका दिवसाची सोबतीण, सकाळी उमलते, संध्याकाळी मिटते; तिला आदल्या रात्री तोडून काही उपयोग नाही. अबोली मात्र टिकाऊ. अनंताचा वास सगळ्यांना हवा असतो, पण पाकळीला बोट लागलं की तिथे तपकिरी डाग. तो एकच, मागच्या बाजूला खोचावा. पानांची कडी आदल्या दिवशी बांधून ठेवायची असतील तर ओल्या सुती फडक्यात किंवा केळीच्या पानात गुंडाळून गारव्याला ठेवावीत. प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवली तर आत वाफ धरते आणि सकाळी पानं शिजल्यासारखी काळी निघतात.

फळं लावायची हौस असतेच. एखादं लिंबू, दोन पांढरे जाम, बस्स. जांभळं नकोत, कपड्यांवर डाग पडले की त्या घरातून पुढच्या वर्षी कोपेलच येणार नाही. पहिलीच्या मुलाच्या डोक्यावर सगळं मिळून पाव किलोच्या आत राहावं. पावसात भिजून त्याचं वजन वाढतं, हेही धरायचं.

आणि काय लावायचं नाही, ते आधी सांगायचं. कण्हेर नको, लाल नको आणि पिवळी तर नकोच. दोन्ही विषारी, आणि मुलांची बोटं सारखी तोंडात. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डॉक्टर गाठावा लागतो. आंब्याच्या डहाळीचाही चीक कातडीला चरचरतो, म्हणून ती तोडून देठ खाली करून तासभर ठेवायची, मग घ्यायची. आंब्याच्याच पानांत ओंबीलांची, म्हणजे चावऱ्या लाल मुंग्यांची, घरटी असतात, पानं एकमेकांना चिकटवलेली. गोणीत असं एखादं घरटं आलं की वर्ग अर्ध्या मिनिटात रिकामा होतो. गोणी आधी अंगणात उपडी करून झटकावी, आत आणूच नये. सगळ्यात फसवी कळलावी. पाऊस लवकर लागलेल्या वर्षी ती जूनच्या अखेरीला उमलू लागते, ज्वाळेसारख्या वळलेल्या लाल-पिवळ्या पाकळ्या, कुठल्याही मुलाला मोह पडावा अशा. तिच्या अंगभर कोल्चिसिन हे विष असतं, कंदात आणि बियांत तर भरपूर. ती पाहायची, चित्रात काढायची, नावानिशी ओळखायची. तोडायची नाही. हा धडा पाठ्यपुस्तकात शोधून सापडत नाही, तो या गोणीतून निघतो.

आणि विहीर?

गावात सांजांवची उडी वाटते तेवढी बेसावध नसते, निदान जिथे जुनी माणसं अजून लक्ष घालतात तिथे. चिऱ्यांच्या विहिरीत जूनच्या अखेरीला पाणी चढलेलं असतं पण गढूळ, तळ दिसत नाही. आधी दोरीला दगड बांधून खोली पाहतात. बादली, रहाटाचा दोर, पंपाचा पाइप बाहेर काढतात किंवा एका अंगाला बांधून घेतात, आणि मोटरचा फ्यूज काढून कुणाच्या तरी खिशात जातो. एक जण वर आल्याशिवाय दुसरा उडी मारत नाही. ज्याने प्यायली आहे त्याला काठावरच गाणी म्हणायला बसवतात. यातलं एक जरी सुटलं तरी काय होतं, ते जूनच्या अखेरीला वर्तमानपत्रांत येतं. शाळेने विहिरीचा विचारही करू नये, याबद्दल दुमत असायचं कारण नाही. तरी दर वर्षी कुणीतरी पालक हळहळतो, ‘विहीर नाही तर सांजांव कसला?’ ही हळहळ खोटी नाही. पाणी खालून येऊन अंगावर आदळतं त्या क्षणाची बरोबरी हवा भरलेल्या टबला कुठून येणार?

पण टबही नीट केला तर मुलांना पुरतो. पाच फूट व्यासाच्या टबात वीतभर पाणी म्हणजे साधारण साडेतीनशे लिटर. नळाने भरायला वेळ लागतो, म्हणून प्रार्थनेच्या आधीच नळ सोडायचा. टब फरशीवर नको, गवतावर किंवा सपाट मातीवर, खाली जुनी ताडपत्री. शाळेचं अंगण जूनमध्ये शेवाळलेलं असतं आणि मुलं टबात नाही, टबाकडे धावताना पडतात. तेव्हा आदल्या दिवशी ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासून घ्यावं आणि भरपूर पाण्याने धुवावं. टबाच्या अलीकडे पाय धुवायला एक बादली ठेवली नाही तर दहाव्या मुलापर्यंत पाण्याचा चहा होतो आणि अकरावं मूल आत उतरायला नकार देतं, तेही रास्तच. उडी उभ्याने, दोन्ही पायांवर, एका वेळी एकच, टबाच्या दोन्ही बाजूंना एक-एक मोठं माणूस. चश्मे आधी काढून एका ताटात. बाहेर आल्यावर वारा लागला की दात वाजतात, म्हणून टॉवेल घेऊन कुणीतरी तिथेच हवं, पिशव्या वर्गात ठेवून चालत नाही. पाऊस त्या वेळी कोसळत असेल तर टब गुंडाळून ठेवा आणि पोरांना पागोळ्यांखाली सोडा. वीज कडाडत असेल तर मात्र तेही नाही, सगळे आत.

घुमट या वाद्याचं वेगळंच दुखणं. मातीचं भांडं, मोठ्या तोंडावर कातडं, मागचं लहान तोंड उघडं. त्यावर तळहात झाकत-उघडत आवाज घुमवायचा. पूर्वी कातडं घोरपडीचं असे. १९७२च्या वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, आता बकऱ्याचं लावतात. २०१९मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याच्या वारसावाद्याचा मान दिला, तेव्हापासून शाळांतून त्याला चांगले दिवस आलेत. पण जूनच्या हवेत कातडं ओल धरतं आणि वाद्य ‘थप’ एवढंच म्हणतं. ऊन नसतं, म्हणून वर्तमानपत्राचा बोळा पेटवून त्यावर कातडं हातभर अंतरावरून फिरवत शेकतात, बोटाने टिचकी मारून पाहत. फार जवळ नेलं तर कडेला फाटतं. शेकलेलं घुमट अर्धा तास बोलतं, मग पुन्हा शेक. त्यामुळे कार्यक्रमपत्रिकेत घुमटाचं गाणं मुख्याध्यापकांच्या भाषणाच्या आधी घालावं. भाषणानंतर ते वाजत नाही, याला इलाज नाही. कांसाळ्याला, म्हणजे झांजांना, हवामानाचं काही देणंघेणं नसतं, आणि लहानांच्या हातात झावळीच्या दांड्या दिल्या की ती जमिनीवर आपटून ठेका धरतात, बहुतेक वेळा ठेक्यात.

खाऊला फणस हवा. मोसमाचा शेवट असतो आणि पाऊस पिऊन रसाळ फणस पाणचट झालेला असतो, तेव्हा कापाच आणावा, आणि कापणाऱ्याने हाताला, सुरीला खोबरेल लावावं. मुलांना अर्धे गरे आणि त्यांत आठळ्या नाहीत हे पाहून द्यावं. सांजांवला सासरी बोलावलेला नवा जांवय (जावई) आणि त्याची बायको यांचं सोंग मुलं फार रंगून करतात, छत्री धरून, सासूने नारळ-फळांची टोपली पुढे केलेली. जांवय व्हायला कुणी तयार नसतं, सासू व्हायला मात्र भांडणं होतात. शिवोली गावात सांजांवला निघणाऱ्या सजवलेल्या होड्यांची नक्कल खोक्यांच्या पुठ्ठ्यातून होते. पुठ्ठा भिजतो, म्हणून ती मिरवणूक व्हरांड्यातच.

यात सगळीच मुलं असतात, हे वेगळं सांगायचंही कुणाला सुचत नाही. जिने सासू केली ती पुढच्या पंधरवड्यात रखुमाई होते. मराठी प्राथमिक शाळांत आषाढीची दिंडी निघते, आणि पंचांग कसं पडेल त्याप्रमाणे ती सांजांवच्या जवळ किंवा लांब जाते. २०२३ला तर आषाढी एकादशी आणि बकरी ईद दोन्ही २९ जूनला आल्या, आणि २९ जून हा सेंट पीटर-पॉलचाही दिवस, ज्या दिवशी होड्या जोडून सांगोड निघतो. दुसऱ्या दिवशी द्वादशीला माशेल गावात चिखलकालो, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव. या सगळ्यात सामाईक काय, तर पाऊस. ज्या सड्यावरून कोपेलासाठी वेल आणली तिथल्याच बांधावर दिंडीसाठी तुळशीची रोपं मिळतात. फुलं विठोबाच्या हारालाही लागतात. शहाण्या बाई सांजांवच्या सूचनेबरोबरच दिंडीचीही यादी देऊन टाकतात, म्हणजे वेल कोण आणतं, कुणाच्या परसात काय आहे, हे एकदाच विचारून होतं आणि दोन्हीला पुरतं.

कार्यक्रम संपल्यावर कोपेलं बाकांखाली, जिन्यावर, रिक्षात पडलेली असतात. ती तिथेच सडू देऊ नयेत. एका मोठ्या टोपलीत गोळा करावीत, कुणी चुकून तार किंवा रिबिन वापरली असेल तर ती काढून घ्यावी, आणि बाकीचं शाळेच्या खताच्या खड्ड्यात टाकून वर दोन घमेली माती. रस्त्याकडेला टाकली तर गाई-बकऱ्या खातात, आणि इतकं सांगूनही तीसातल्या एखाद्या कोपेलात कण्हेर असतेच.